सर्वगुणसंपन्न झूम पाहिजे

ही मार्गदर्शिका अशा वाचकांसाठी आहे, ज्यांनी नुकताच फुल-फ्रेम कॅमेरा घेतला आहे, ज्यांचे त्यावरचे हप्ते चालू आहेत आणि ज्यांना आता त्याला एकच लेन्स लावून उरलेलं आयुष्य काढायचं आहे. अपेक्षा माफक आहेत. भाच्याच्या मुंजीत अख्खी पंगत एका फ्रेममध्ये बसली पाहिजे. दिवेघाटात वरच्या वळणावर उभं राहून खालून चढणाऱ्या माउलींच्या रथाचा कळस टिपता आला पाहिजे. कासच्या पठारावर पायवाट न सोडता सोनकीच्या पाकळीपर्यंत पोचता आलं पाहिजे. शिवाय वजनाला हलकी, अंधाराला न घाबरणारी, किंमत बेताची, कोपऱ्याकोपऱ्यात शार्प. अशा स्थळांच्या जाहिराती रविवारच्या पेपरात येतात. असं स्थळ कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही, पण म्हणून शोध थांबत नाही, आणि शोधाला काही रीत असावी एवढ्यासाठीच हा प्रपंच.

सर्वप्रथम सल्ला घ्या. कॅमेरा असलेल्या प्रत्येकाकडून घ्या. तुम्ही विचारला नाहीत तरी तो मिळणारच आहे.

सगळ्यात आधी येतील ते प्राइमवाले, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सचे भक्त. झूम म्हणजे आळस, पाय हाच खरा झूम, असं त्यांचं म्हणणं असतं. त्यांच्याशी वाद घालू नका. वारीच्या दिवसांत त्यांना दिवेघाटात घेऊन जा, दरीच्या कठड्यापाशी उभं करा आणि नम्रपणे म्हणा, "चला, दोन पावलं पुढे व्हा." झूमची टवाळी तशी जुनीच आहे. 35 मि.मी. स्टिल कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम, फोक्टलेंडरची 36-82, आली 1959 मध्ये. निकॉनची 43-86 आली 1963 मध्ये आणि तिने सरळ रेषा इतक्या मनापासून वाकवल्या की झूमची बदनामी पुढची कित्येक वर्षं तिच्याच नावावर चालली. तरीही ती भरपूर खपली. 1992 मध्ये टॅमरॉनने 28-200 काढली आणि 'सहलीला एकच लेन्स' ही चटक पर्यटकांना लागली ती लागलीच. म्हणजे लोकांनी नावं ठेवली आणि लोकांनीच विकत घेतली. यातून काय तो बोध घ्या.

प्राइमवाल्यांनंतर मेव्हणा. त्याच्याकडे निकॉनचा पी1000 असतो. तो तुम्हाला गच्चीवर नेऊन चंद्रावरचे खड्डे दाखवील आणि विचारील, "तुझ्यात किती एक्स आहे?" त्याच्यात 125 आहे, 24 ते 3000 मि.मी. तुमचा चेहरा पडेल. तो पडू देऊ नका. त्या 3000 मागची लेन्सची खरी फोकल लेंथ 539 मि.मी. आहे. बाकीची कमाल त्याच्या नखाएवढ्या सेन्सरची. तुमचा सेन्सर 36 × 24 मि.मी. आहे, म्हणजे 1925 मध्ये लायकाने बाजारात आणलेल्या कॅमेऱ्यातल्या फिल्मच्या चौकटीएवढा. एवढी चौकट उजेडाने कडेपर्यंत भरायची तर काच मोठी लागते, आणि मोठ्या काचेचं 3000 मि.मी. करायचं तर ते उचलायला मेव्हणाच लागेल. म्हणून फुल-फ्रेमवरच्या ऑल-इन-वन झूम साधारण 200 किंवा 240 ला थांबतात. निकॉन 2024 मध्ये 400 पर्यंत गेली; तिच्याकडे पुढे येऊ.

आता प्रत्यक्ष निवड. पहिली पायरी सगळ्यात सोपी, कारण ती तुम्ही न कळत कधीच ओलांडली आहे. ज्या दिवशी बॉडी घेतलीत त्याच दिवशी माउंट ठरला, आणि माउंट ठरला की निम्म्या लेन्स तुमच्यासाठी बाद झाल्या. सोनीवाल्यांना घरच्या लेन्सबरोबर टॅमरॉन आणि सिग्माचंही दार उघडं आहे. निकॉनवाल्यांचं घरातच चांगलं चाललंय. पॅनासॉनिकवाल्यांना घरची एक आणि सिग्माची एक. कॅननच्या आरएफ माउंटवाल्यांनी मन मोठं करावं. कॅननने 2024 मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार किलकिलं केलं खरं, पण लहान सेन्सरच्या लेन्सपुरतं. तुमच्यासाठी त्यातून कुणी आत आलं नाही.

इथेच एक सावधगिरी, आणि ही थट्टा नाही. दुकानात 18-200, 18-300, 18-400 अशा नावांच्या लेन्स दिसतील. आकडे लोभस आहेत, किंमतही. त्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरसाठी आहेत. सोनीच्या फुल-फ्रेमवर अशी लेन्स लावली की कॅमेरा गुपचूप मधला तुकडा तेवढा वापरतो, आणि 24 मेगापिक्सेलचे जेमतेम 10 उरतात. फुल-फ्रेमचे पैसे देऊन त्याचा मधला भाग वापरायचा असेल, तर तसंही करता येतं; कायद्याने बंदी नाही.

दुसरी पायरी म्हणजे पत्रिका जुळवणे. लेन्सच्या नळीवर जे आकडे असतात ते वाचा. त्यातला पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे ग्राहक दुसऱ्यावर भाळतात. 240 मोठा की 200? अर्थात 240. पण 200 वर काढलेला फोटो घरी कापून 240 एवढा केला, तर 24 मेगापिक्सेलचे सोळा-सतरा उरतात, आणि व्हॉट्सॲपवरच्या कौटुंबिक ग्रुपात तो गेला की कुणाच्या बापाला फरक कळत नाही. उलट 28 वर काढलेला फोटो कापून 24 करता येत नाही. जे आत आलंच नाही ते कापून कसं मिळणार?

कागदावर 24 आणि 28 मध्ये फक्त चारचा फरक. कोनात मोजलं तर कर्णावर 84 अंश आणि 75 अंश. आपल्याकडच्या दिवाणखान्यात मोजलं तर तीन आत्या. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये साखरपुडा आहे, पाठ गोदरेजच्या कपाटाला टेकली आहे, मागे सरकायला जागा नाही, आणि उजवीकडच्या आत्या अर्ध्या फ्रेमच्या बाहेर आहेत. त्या अर्ध्या आत्या तुम्हाला पुढची पंधरा वर्षं ऐकवणार आहेत. पेठेतल्या वाड्याच्या चौकात, एखाद्या हेमाडपंती देवळाच्या गाभाऱ्यासमोर, गडाच्या दरवाजाखाली, सगळीकडे हाच हिशेब. लांबचं जवळ आणायला निदान डोळे मिटून कल्पना करता येते. भिंत मागे ढकलता येत नाही. त्यामुळे ज्यांचं फोटो काढणं घरात, देवळात आणि गल्लीत आहे त्यांनी 24 च्या पुढे सुरू होणारी लेन्स घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सिग्माने 2025 मध्ये 20-200 काढली तेव्हा बहुधा त्यांच्यापैकी कुणाला तरी आत्या असाव्यात.

'एक्स' या अक्षराकडे दुर्लक्ष करा. 20-200 ही दहा एक्स, 24-240 हीसुद्धा दहा एक्स. मोठ्या आकड्याला छोट्या आकड्याने भागलं की एक्स मिळतो. बाकी त्याचा उपयोग मेव्हण्यासमोर.

तिसरी पायरी: ॲपर्चर. इथे थोडं बसून घ्या.

ऑल-इन-वन झूमवर f/3.5-6.3 असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुकानदार 3.5 मोठ्याने म्हणतो आणि 6.3 ला त्याला खोकला येतो. अर्थ असा, की लेन्स आखूड असताना ती f/3.5 पर्यंत उघडते आणि लांब केली की 6.3 वर येते. येते म्हणजे शेवटच्या मिलिमीटरला येत नाही. झूम फिरवायला लागलं की उजेड लगेच उतरायला लागतो आणि अर्ध्या वाटेवरच बराचसा उतरलेला असतो. टॅमरॉनच्या 28-200 वर f/2.8 लिहिलंय, ते बघून लोक हरखतात. ते 2.8 अगदी 28 च्या उंबऱ्यापाशीच मिळतं.

f/2.8 आणि f/6.3 मध्ये उजेडाचा फरक पाचपट आहे. मुंजीच्या हॉलमध्ये व्यावसायिक फोटोग्राफर 70-200 f/2.8 लावून आयएसओ 1280 वर काम करत असेल, तर त्याच्याच शेजारी उभं राहून त्याच शटरवर तोच बटू टिपायला तुम्हाला 6400 लागेल. आजचे सेन्सर 6400 ला दगा देत नाहीत, हे खरं. पण गंमत पुढे आहे. तुम्ही फुल-फ्रेम का घेतला होतात? अंधारात चांगला म्हणून. एपीएस-सीपेक्षा त्याला सव्वादोनपट जास्त उजेड मिळतो म्हणून. आता शेजारच्या बिल्डिंगमधल्या कॉलेजातल्या मुलाकडे एपीएस-सी कॅमेरा आणि सिग्माची 18-50 f/2.8 आहे. ती लेन्स 290 ग्रॅमची. त्याच्या सेन्सरवर f/2.8 ला एकूण जितका उजेड पडतो, तितका तुमच्याकडे f/4.2 ला पडतो, आणि त्याची लेन्स जिथे संपते तिथे, म्हणजे तुमच्या 75 च्या आसपास, तुमची झूम बहुतेक 4.2 ओलांडून पुढे गेलेली असते. म्हणजे मंद उजेडात पोराचा फोटो तुमच्याइतकाच किंवा बरा येणार. मोठ्या सेन्सरवर कमावलेलं बारीक ॲपर्चरवर गमवायचं, हा या लेन्सचा मूळ व्यवहार आहे. तो मान्य असेल तर पुढे वाचा. मान्य नसेल तरी वाचा, कारण उन्हात हा सगळा हिशेब गैरलागू होतो, आणि आपल्या मुलुखात ऊन बऱ्यापैकी असतं.

निकॉनच्या 28-400 वर f/4-8 लिहिलंय. ते आठ बघून घाबरायचं की 400 बघून खूश व्हायचं, हे तुम्ही फोटो सकाळी अकराला काढता की संध्याकाळी सातला, यावर अवलंबून आहे.

चौथी पायरी: हात स्थिर आहे का ते पाहणे. जुना नियम असा, की 200 मि.मी. ला शटर निदान 1/200 सेकंद असावं. हल्ली लेन्समध्ये किंवा बॉडीत कंपनरोधक यंत्रणा असते, त्यामुळे याहून कितीतरी सावकाश शटर चालतं. पण ती कुठे आहे ते विचारा. टॅमरॉनच्या 28-200 मध्ये ती नाही, सिग्माच्या 20-200 मध्येही नाही; तिथे सगळी भिस्त बॉडीवर. सोनीच्या 2013 च्या पहिल्या ए7 मध्येही ती नाही, दुसऱ्या आवृत्तीपासून आली. जुनी बॉडी स्वस्तात घेऊन तिच्यावर ही लेन्स लावणाऱ्याकडे कंपनं दोन्हीकडची जमा होतात. आणि ही यंत्रणा तुमचा हात थांबवते, समोरचा घोडा नाही. रिंगणातला अश्व 1/60 ला काढून तो धूसर आला, म्हणून लेन्सला दोष देऊ नका. रिंगणाला 1/1000 लावा आणि आयएसओ जाईल तिथे जाऊ द्या.

पाचवी पायरी वजनाची. पॅनासॉनिकची 28-200 फक्त 413 ग्रॅम आहे. एवढ्या रेंजच्या फुल-फ्रेम लेन्सला हे वजन कसं जमलं असं वाटतं, मग f/4-7.1 वाचलं की कळतं. सिग्माची 20-200 साधारण 550, निकॉनची 24-200 570, टॅमरॉनची 28-200 575. कॅननची 24-240 750 आणि सोनीची त्याच आकड्यांची 2015 ची 780. निकॉनची 28-400 725. दुकानात हे सगळं सारखंच वाटतं, कारण दुकानात एसी असतो. चाचणी अशी घ्या: बॉडीसकट लेन्स गळ्यात अडकवा आणि दुकानाच्या इमारतीचे जिने चढा. फोर्टातल्या बोरा बाजाराच्या बाजूला जुन्या इमारती आहेत, जिने उंच आहेत, हरिश्चंद्रगडाची कल्पना येईल. दुकानदार मागे धावत आला तर त्याला विषय समजावून सांगा.

जिन्यावर आणखी एक गोष्ट पाहून घ्या. लेन्स खाली तोंड करून लोंबकळताना स्वतःहून लांब होते का? काही झूम नव्या असताना सभ्य असतात आणि वर्षभरात उतरणीवर आपोआप बाहेर येऊ लागतात. म्हणून नळीवर बारीकसं लॉकचं बटण असतं. ते लावायला विसरायचं नाही आणि ते लावलेलं आहे हेही विसरायचं नाही, नाहीतर ऐन रथ आला की झूम फिरणार नाही.

आता दुकानातली तपासणी. यात विनोद नाही. 24 किंवा 28 ला, मग मध्ये, मग टोकाला, प्रत्येक ठिकाणी ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून समोरच्या कपाटाचा किंवा भिंतीचा समोरासमोर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही थोडे सॉफ्ट असतील, तर ती त्या लेन्सची जात आहे, मुकाट्याने पत्करा. एकच कोपरा किंवा एकच बाजू सॉफ्ट आणि समोरची खणखणीत असेल, तर आतली काच तिरकी बसली आहे. दुसरा पीस मागा. या झूममध्ये काचा बऱ्याच असतात आणि त्या पुढे-मागे सरकतात, तेव्हा असा पीस निघणं नवलाचं नाही. पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. तिच्याशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या लेन्सची खरी किंमत पहिल्या बिघाडाला कळते.

रॉ फाइल मात्र पहिल्याच दिवशी, दुरुस्ती बंद करून उघडू नका. कॅननच्या 24-240 चा 24 मि.मी. वरचा कच्चा फोटो पाहिला तर कोपरे काळे आणि रेषा पिंपासारख्या फुगलेल्या दिसतात. कॅमेरा ते सॉफ्टवेअरने ताणून सरळ करून दाखवतो. ही फसवणूक नव्हे. लेन्स लहान ठेवायची तर काही काम काचेकडून काढून गणिताकडे द्यावं लागतं, आणि हल्ली सगळ्याच कंपन्या कमी-अधिक हेच करतात. दिसलं नाही तर दुःख नाही.

एवढं सगळं केल्यावर जी पायरी खरं तर सगळ्यात आधी करायला हवी होती, ती आता करा. जुन्या कॅमेऱ्यातले किंवा किट लेन्सवरचे फोटो उघडा आणि प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ काय आहे ते बघा. बहुतेकांचे दोनच ढीग निघतात: एक पूर्ण आखूड, एक पूर्ण लांब. मधल्या आकड्यांकडे कुणी फिरकत नाही, कारण झूम मिळाली की माणूस ती या टोकाहून त्या टोकाला फिरवतो. तुमचा लांबचा ढीग मुख्यतः शंभराच्या आतलाच असेल, तर तुम्हाला ऑल-इन-वन लेन्स नकोच आहे. तुम्हाला निकॉनची 24-120 f/4 किंवा सोनी-कॅननची 24-105 f/4 हवी आहे. तिचं ॲपर्चर शेवटपर्यंत चारच राहतं, कोपरे बरे असतात, वजन साडेसहाशे-सातशे ग्रॅम. ही बातमी दुकानातून बाहेर पडल्यावर कळू नये, म्हणून आधी सांगत आहे.

पावसाळ्याची एक टीप. या लेन्स लांब होताना हवा आत ओढतात आणि कोकणातली जुलैची हवा म्हणजे निम्मं पाणी. ट्रेकहून आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत चेन लावून ठेवली की काचेवर बुरशीची नक्षी उमटते, आणि ती पुसून जात नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, किंवा पैसे असतील तर ड्राय कॅबिनेट घेऊन आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राखा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाची पिठी लेन्सला चालत नाही आणि लेन्स तांदळाच्या मालकिणीला.

आता निकाल. निकॉन असेल तर 24-200 घ्या आणि हा विषय सोडा. सोनी असेल, बॉडी नवी असेल आणि फोटो बहुधा उघड्यावरचे असतील, तर टॅमरॉनची 28-200. घरातले, देवळातले असतील तर सिग्माची 20-200. पॅनासॉनिक असेल आणि डोंगर चढायचे असतील तर 413 ग्रॅमला पर्याय नाही. ती आखूड टोकाला फुलाच्या 14 सेंटिमीटरपर्यंत जाऊन अर्ध्या आकारात टिपते, म्हणजे सोनकीचीही सोय झाली. कॅनन असेल तर 24-240 आणि 24-105 या दोघींमध्ये 24-105. आणि कुठलीही घेतलीत तरी अंधाऱ्या हॉलसाठी एक 50 f/1.8 खिशात ठेवा. 'एकच लेन्स'चा नियम त्याने मोडतो, पण कॅननची ती 160 ग्रॅमची आहे आणि प्राइमवालेही खूश होतात.

भिगवणचे रोहित पक्षी यांतल्या बहुतेक लेन्समध्ये ठिपक्याएवढेच येतील, निकॉनच्या 400 मध्ये जरा मोठा ठिपका. त्यासाठी 150-600 पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळते. ती भाड्यानेच घ्या.